चार बोळे आणि तिसरं झाकण

घर विकलं गेलं नाही, आणि दातांच्या डॉक्टरांचा डावा बूट गेला तो गेलाच.

हे वाक्य चुकून आधी पडलं. वाचलंच नाही असं समजावं. ज्यांनी वाचलं असेल त्यांनी निदान चेहरा तसा ठेवावा. तर, घर उद्या सकाळी अकराला विकलं जाणार आहे आणि डॉक्टरांच्या पायांत दोन्ही बूट आहेत.

रविवार, सकाळचे नऊ. गुप्तहेर बाई आणि त्यांचे थोरले भाऊ, दातांचे डॉक्टर, यांचा मिळून एकच दवाखाना होता. मधे पडदा. अलीकडे दात, पलीकडे तपास. बाहेर बाक एकच, त्यामुळे कोण कशासाठी आलंय ते गाल पाहून ओळखावं लागे.

आज बाकावर एक काकू बसल्या होत्या. दोन्ही गाल सारखे. खांद्यापाशी दोरा ओवलेली सुई टोचलेली.

"दात?" डॉक्टरांनी आशेनं विचारलं.

"गटार," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी पडदा सरकवला. "तुझ्याकडचं आहे."

काकूंनी हकीकत सांगितली. त्या घरी शिवणकाम करत. काका लिफ्टचे मेकॅनिक, आता निवृत्त. चार आठवड्यांपूर्वी, एका रविवारी, घरामागचं जुनं गटार तुंबलं. झाडाची मुळं पाइपात शिरली होती. काकांनी कुणाला बोलावू दिलं नाही. मुलगा, वर राहणारे पोस्टमन आणि काकू यांना हाताशी घेऊन त्यांनी ते स्वतः मोकळं केलं.

"मुलगा म्हणाला, बाबा, या वयात हे झेपायचं नाही. घर विकू, आमच्या शेजारी फ्लॅट घेऊ. हे भडकले. म्हणाले, पुढच्या चार रविवारांत एक रविवार जरी गटार आपसूक वाहिलं तर घर राहील. नाही वाहिलं तर सही करतो."

"मग?"

"चारही रविवार तुंबलं. आज सकाळी चौथ्यांदा. उद्या अकराला सही."

"पुन्हा मुळंच?"

"मुळं तेव्हाच निघाली. आता कापडाचे बोळे निघतायत. ते तीन बोळे कुणी घातले एवढं शोधून द्या, बाई. माझ्या शिवणयंत्रावर खिडकीतून उजेड असा पडतो की चष्म्याशिवाय दोरा ओवता येतो. फ्लॅटची खिडकी दुसऱ्या फ्लॅटच्या भिंतीवर उघडते. तिथे मी काय ओवणार?"

बाईंनी वहीत एक आकडा लिहिला आणि त्याच्याभोवती गोल काढला.

घरामागच्या अंगणात तीन लोखंडी झाकणं एका रांगेत होती आणि रांगेच्या टोकाला शोषखड्डा. खड्ड्याचं झाकण काढून ठेवलं होतं. चार खुंट्या ठोकून भोवती दोरी बांधलेली, दोरीला पुठ्ठा टांगलेला: 'खड्डा उघडा आहे. डोकावू नये. आत पाहण्यासारखं काही नाही.'

"सगळीकडून आलेलं शेवटी इथंच जमतं," काका म्हणाले. त्यांच्या हातात कोपरापर्यंत रबरी मोजे होते आणि आवाजात शीळ होती. "पातळी बघायची म्हणून उघडलाय. आधी तासभर वारा खाऊ द्यायचा. जवळ जायचं नाही, काडी ओढायची नाही. उतरायचं तर नावच काढायचं नाही. आतला वायू माणसाला विचार करायलाही वेळ देत नाही."

डॉक्टर चार पावलं मागे सरले. बाई सरल्या नाहीत. त्यांना बारा महिने सर्दी असे, आणि या धंद्यात ती प्रथमच कामाला आली होती.

"बोळे कुठे सापडले?"

"चारही तिसऱ्या झाकणाखाली. पाइपाच्या तोंडात घट्ट बसवलेले."

"घरातून वाहत आले असतील," डॉक्टर म्हणाले.

"मोरीच्या जाळीतून वाटाणा जात नाही, डॉक्टर. हे झाकण उचलूनच घातलेत. झाकण उचलायचे आकडे मागच्या दाराला टांगलेले असतात, कुणीही घ्यावेत." काका खाली बसले. "झाकणाच्या कडेला मी ग्रीस भरतो. वास अडतो आणि झाकण गंजून धरत नाही. तर मागच्या तिन्ही वेळा ते ग्रीस फिसकटलेलं. कुणीतरी वेंधळ्यानं बोटं घातलेली."

"आणि आज?"

"आज गुळगुळीत होतं."

"शोधायला किती वेळ लागला?"

"पहिल्या वेळी तीन तास. मग अडीच. मग पुन्हा तीन, कारण पोस्टमननं काठ्या उलट्या फिरवल्या. वेताच्या काठ्या असतात, एकीत एक पिळून लांब करायच्या. घड्याळाच्या दिशेनंच फिरवायच्या, नाहीतर आत सुटतात. तीन सुटल्या. तरी दर वेळी मी पहिल्या झाकणापासूनच सुरुवात करतो. शिस्त म्हणजे शिस्त."

"आजसुद्धा?"

"आज थेट तिसरं. पंधरा मिनिटांत मोकळं. हात बसला आता."

"प्रगती आहे," डॉक्टर म्हणाले.

काका पुरावा फेकून देणारे नव्हते. प्रत्येक बोळा धुऊन, वाळवून, तारखेची चिठ्ठी लावून त्यांनी हत्यारांच्या खोलीत खिळ्याला टांगला होता. डॉक्टरांनी तोंडाला रुमाल लावला आणि ते मागोमाग आत गेले.

पहिला बोळा जाड पांढऱ्या कापडाचा होता, तोंड शिवून बंद केलेलं. डॉक्टरांनी रुमाल खाली घेतला. "काय टाके घातलेत. मला हिरडीला असे जमत नाहीत."

दुसरा गोणपाटाचा, सुतळीनं उभा-आडवा बांधलेला. गाठ बरोब्बर मध्यावर, टोकं कात्रीनं एकसारखी केलेली.

तिसरा पिवळ्या मऊ फडक्याचा. टायरच्या ट्यूबची पट्टी कापून गुंडाळलेली.

चौथा अजून ओला. मशिनी पुसायला वापरतात तसल्या सुताच्या गुंत्याचा, आणि शेपटाला तारेचं सुबक कडं.

"हे कडं कशाला?"

"ओढायला बरं पडतं," काका म्हणाले, आणि आभाळाकडे पाहू लागले. आभाळात काही नव्हतं.

पोस्टमन जिन्यात रद्दी बांधत बसले होते. चाळिशीचे, एकटे. वरची एक खोली त्यांच्याकडे भाड्यानं होती.

"घर गेलं तर माझीही खोली जाणार," ते म्हणाले. "मी कशाला तुंबवू?" त्यांनी सुतळी गठ्ठ्याभोवती फिरवली, वळवली, पुन्हा फिरवली, मधे गाठ मारली आणि कात्री मागितली.

"रविवारी काय करता?"

"आधी झोपायचो. आता खाली येतो."

"कोण बोलावतं?"

"गटार." त्यांनी सुतळीची टोकं एकसारखी कापली. "दिवसभर मी लोकांच्या दारात उभा असतो, पण आत या म्हणून कुणी म्हणत नाही. त्या दिवशी काठ्या सुटल्या तेव्हा काका मला म्हणाले, 'गाढवा, धर नीट.'" हे त्यांनी छातीवरचं पदक दाखवावं तसं सांगितलं.

मुलगा रस्त्यावर गाडीशी होता. तो गाडी चालवायला शिकवत असे. गाडीच्या टपावर 'शिकाऊ' अशी पाटी होती आणि तो समोरची काच शर्टाच्या बाहीनं पुसत होता.

"घर विकायचं तुमच्या मनात आहे," बाई म्हणाल्या.

"आहे. बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. लोखंडी झाकण पायावर पडलं तर?"

"एरवी येता का इकडे?"

"एरवी फोन करतो. बाबा उचलतात आणि म्हणतात, थांब, आईला देतो." त्यानं बाही पिळली. "गटारावर मात्र बोलतात. काठी कशी धरायची, पाइपाचं वळण हाताला कसं लागतं. मला त्यांनी सायकलसुद्धा शिकवली नव्हती. ती शेजाऱ्यांनी शिकवली."

"बाहीनं का पुसताय?"

"फडकं हरवलंय."

परत येताना डॉक्टर बाईंच्या कानाशी लागले. "मुलगाच. घर त्यालाच विकायचंय. बाकी सगळ्यांचं नुकसान आहे. झालं, चल, मला बाराला एक दाढ आहे."

"दादा, दुखतंय म्हणून माणूस आला की तू किती दात शोधतोस?"

"एक. दुखणारा."

"कधी चार दुखत असतील तर?"

"चार दुखत असतील तर तो माणूस माझ्याकडे येत नाही, तो रडत बसतो," डॉक्टर म्हणाले. मग थोडा विचार करून, "पण असं का विचारतेस?" असं त्यांनी विचारलं. तोवर बाई अंगणात पोचल्या होत्या.

अंगणात चहा आला. काकूंनी सगळ्यांना कप दिले. काका उलट्या घमेल्यावर बसले, मुलगा पायरीवर, पोस्टमन रद्दीवर. बाईंनी चारही बोळे दोरीवर ओळीनं टांगले आणि नाक पुसलं.

"मी सकाळपासून एक गुन्हेगार शोधत होते म्हणून अडले," त्या म्हणाल्या. "एकच माणूस असता तर चारही बोळे सारखेच असते. माणूस सवयीनं बांधतो. इथं चार बोळे आहेत आणि चार सवयी. तुंबायची जागा तिसरं झाकण हे फक्त त्यांना माहीत, जे पहिल्या रविवारी मुळं काढताना इथं होते. म्हणजे तुम्ही चौघं. काकू, तुमच्यापासून सुरुवात करू."

"माझ्यापासून?"

"गटार चार रविवार बोळ्यांनी तुंबलं, आणि तुम्ही मला तीन बोळ्यांचा माणूस शोधायला सांगितलंत. उरलेला एक, पहिला, तुम्हाला शोधायचा नव्हता, कारण तो तुम्हीच घातला होता. आणि भावानं टाके पाहिल्यावर मला काही विचारायचंही उरलं नाही."

काकूंनी खांद्यावरची सुई चाचपली. मग काकांकडे न बघता म्हणाल्या, "निवृत्त झाल्यापासून हे खुर्चीत बसून असतात. जेवायला या म्हटलं की येतात, झोपा म्हटलं की झोपतात. त्या मुळांच्या रविवारी हे गायले. सुरात नव्हते, पण गायले. म्हटलं, अजून एकदा ऐकावं. एकदाच. पुढे तीन रविवार होतेच की."

"गोणपाट पोस्टमनचं," बाई म्हणाल्या. "पार्सल असंच बांधतात. रद्दीही तुम्ही तशीच बांधलीत."

"मलाही वाटलं, एकच रविवार घेऊ," पोस्टमन म्हणाले. "दोन उरतात."

"आणि हे तुमचं हरवलेलं फडकं," बाई मुलाला म्हणाल्या. "ट्यूबची पट्टीही गाडीवाल्याकडेच मिळते."

मुलानं कप पायरीवर ठेवला. "शेवटचा एक उरत होता. मला खात्री होती की त्या रविवारी तरी गटार वाहील. घर राहील, आणि मला म्हणता येईल की मी तर विकायला निघालो होतो."

"म्हणजे आजचा बोळा," डॉक्टर हळू म्हणाले, आणि बोटं मोजली. तीन जणांची मोजून झाली होती. चौथं बोट काकांकडे वळलं.

"आज ग्रीस गुळगुळीत होतं," बाई म्हणाल्या. "झाकण उचलून पुन्हा ग्रीस भरणारा माणूस या घरात एकच आहे. तो शिस्तीचा, आणि तरी आज पहिली दोन झाकणं न उघडता थेट तिसऱ्याशी गेला. बोळ्याला ओढायला कडंही त्यानंच लावलं. बोळा घालताना काढणाऱ्याची सोय पाहणारा हा मी पाहिलेला पहिला गुन्हेगार आहे. फक्त एक कळत नाही, काका. हा शेवटचा रविवार. हा तुंबला की घर जाणार, हे तुम्हाला माहीत होतं."

काकांनी मोजे काढले. एकेक बोट सोडवत, सावकाश.

"वाहिलं असतं तर घर राहिलं असतं," ते म्हणाले. "मग पुढच्या रविवारी अंगणात मी आणि एक वाहतं गटार. त्याच्याकडे किती वेळ बघायचं? छत्तीस वर्षं लिफ्टमध्ये अडकलेली माणसं काढली मी. अडकलेली असतात तोवर काय बोलतात, पोराबाळांचं सांगतात, मलाही विचारतात. दार उघडलं की निघून जातात. म्हटलं, घर गेलं तर गेलं. एक रविवार तरी सगळे अडकू दे."

गटार छान वाहत होतं. इतकं की जरा अवघडल्यासारखं झालं.

मुलानं फोन काढला. "उद्या अकराला येत नाही आम्ही," तो फोनात म्हणाला. "नाही, नंतरही नाही. गटार? गटार उत्तम आहे, तोच तर घोळ आहे." फोन खिशात टाकून तो बापाला म्हणाला, "मी येईन रविवारी. तुंबलं नाही तरी."

"तुंबलं नाही तर येऊन काय करणार?" काकांनी विचारलं.

हा प्रश्न रास्त होता. मुलगा पायरी खरवडू लागला, काकू कप मोजू लागल्या, पोस्टमन रद्दीची गाठ सोडून पुन्हा बांधू लागले. बाईंनीही वही मिटली होती.

उत्तर डॉक्टरांनी दिलं. या तपासातलं त्यांचं एकमेव यश ते हेच. पुठ्ठ्यावर 'आत पाहण्यासारखं काही नाही' असं लिहिलेलं त्यांना सकाळपासून खुपत होतं. कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्यांनी दोरी ओलांडली, डावा पाय काठावरच्या शेवाळावर ठेवला आणि तो काठावर राहिला नाही. पोस्टमननी कॉलर धरली, मुलानं पट्टा, काकूंनी कान. डॉक्टर पूर्ण परत मिळाले. बूट मिळाला नाही. खालून फक्त 'डुब' असा आवाज आला.

काकांनी आधी डॉक्टरांना खड्ड्यापासून दहा पावलं लांब बसवलं आणि पुठ्ठा दोनदा मोठ्यानं वाचायला लावला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडलं.

"बूट कितवा?"

"आठ नंबर," डॉक्टर मोज्यानिशी म्हणाले.

"आठ. तरंगत तरंगत पाइपाच्या तोंडाशी आला तर आडवा बसेल." काका उभे राहिले. "म्हणजे गटार तुंबू शकतं."

"कधी?" मुलानं विचारलं.

"सांगता येत नाही. लक्ष ठेवावं लागणार. दर आठवड्याला झाकणं उघडून बघावं लागणार. एकट्यादुकट्याचं काम नाही."

"मग आठ दिवसांनी या सगळे," काकू म्हणाल्या आणि कप गोळा करू लागल्या. काका गुणगुणत काठ्या पुसायला लागले. सुरात नव्हते.

काका कायदा पाळणारे. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बरोबर अकरा वाजता त्यांनी सही केलीच, ती अशा अर्जावर:

प्रति, मा. अधिकारी, सांडपाणी विभाग.

विषय: घरगुती गटार तुंबण्यास आगाऊ परवानगी मिळणेबाबत.

महोदय, आमचे गटार सध्या व्यवस्थित वाहत असल्याने कुटुंबाची गैरसोय होत आहे. तरी सदर गटार दर रविवारी सकाळी नऊ ते बारा या वेळेत तुंबण्यास परवानगी मिळावी. खड्ड्यातील आठ नंबरच्या डाव्या बुटाची अधिकृत अडथळा म्हणून नोंद व्हावी. तसेच काठी धरण्यासाठी आपल्या कार्यालयातून दर आठवड्यास एक अधिकारी पाठवावा. त्यास घड्याळाची दिशा माहीत असावी, व चुकल्यास गाढव म्हटलेले चालावे, ही नम्र विनंती.