तीन बोटांचं अंतर

मास्तरांच्या दुकानात टायर घ्यायला येणाऱ्याला आधी धडा ऐकावा लागे, मग टायर मिळे. खरं तर मास्तर कुठल्याच शाळेत शिकवत नव्हते. चाळीस वर्षं टायर बसवण्यात गेली होती. पण समोर कोणी उभं राहिलं की त्यांच्या हातातला खडू आपोआप चालू लागायचा. टायरच्या अंगावर लिहिलेले आकडे म्हणजे काय, त्यात रुंदी कुठली, उंची कुठली, हे ते सिमेंटच्या फरशीवर चित्र काढून सांगत. घाईतली माणसं कपाळाला हात लावत. मुलं मात्र उकिडवी बसून ऐकत, आणि मास्तरांना तीच खरी गिऱ्हाइकं वाटत.

त्या सकाळी चित्रासमोर त्यांची नात बसली होती. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, पाठीवरची पिशवी न उतरवता.

“हा टायर. आणि ही वरची पत्र्याची कमान,” मास्तर म्हणाले. “गाडी खड्ड्यात आदळली की टायर वर येतो. वर जागाच नसली तर काय होईल?”

“डोकं आपटेल.”

“आणि रोज रोज आपटलं तर?”

“फुटेल.”

“म्हणून मध्ये तीन बोटं जायला हवीत. माझी तीन म्हणजे तुझी चार. जा, माझ्या गाडीला मोजून ये.”

मास्तरांची जुनी गाडी दाराबाहेर उभी होती. ती चांगली उंच, त्यामुळे कमानीखाली नातीचा अंगठ्यासकट अख्खा पंजा गेला. तिने दोन्ही बाजू मोजल्या आणि ओरडून सांगितलं, “सारखं आहे!” मास्तरांनी उठून स्वतः हात घालून बघितला. शाबासकी ते फुकट देत नसत. मग म्हणाले, “शाबास.”

मागे जावई हातात किल्ली फिरवत उभा होता. त्याची काळी गाडी दुकानात आणून उभी केलेली होती. बसकी, पुढचं नाक जमिनीला टेकेल की काय अशी. वेगासाठी बनवलेली गाडी, त्यात आखूड स्प्रिंगा घालून आणखी खाली आणलेली. मास्तरांनी ती तीन वर्षांनी बघितली.

“दुरुस्त केलीत,” ते म्हणाले.

“विकवेना. तिला आवडायची.”

“आणि टायर?”

“तेच हवेत. मागचे दोनशे पासष्ट. अरुंद टायर घातले की गाडी उपाशी दिसते.”

“गाडीला पोट नसतं, जावईबापू.”

पूर्वी ते जावयाला ‘अरे’ म्हणत. तीन वर्षांपूर्वी तो असाच रुंद टायर मागायला आला होता, तेव्हाही ‘अरे’च म्हणाले होते. अरे, हिला दोनशे पस्तीस पुरे, गाडी खाली आणलीस, आता टायर बाहेर काढलास तर कमानीला घासेल. जावई हसला होता, “बाबा, तुमच्या काळात ठीक होतं.” आणि मुलगी म्हणाली होती, “द्या ना हो त्याला, रोज माझं डोकं खातो.” मुलीचं मन मोडवेना. त्यांनी मोजलं. तीन बोटं कशीबशी गेली, म्हणून बसवून दिले.

पण मोजलं होतं रिकाम्या गाडीला. मागे माणसं बसली की गाडी आणखी खाली येते, हे अख्ख्या गावाला शिकवणारा माणूस त्या दिवशी स्वतःच विसरला. चौथ्या दिवशी हमरस्त्यावर मागचा डावा टायर फुटला. मागे डावीकडे एरवी नात, त्यांची छोटी, बसायची. त्या दिवशी तिच्या डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून आईने जागा बदलून घेतली होती. आई गेली. छोटीला खरचटलंसुद्धा नाही.

टायर मीच हट्टाने मागितले, असं जावई कधी म्हणाला नाही. मी रिकामी गाडी मोजली, असं मास्तर कधी म्हणाले नाहीत. दोघंही रस्त्याला दोष देत राहिले, आणि मनात एकमेकांना. मास्तर जावयाला ‘तुम्ही’ म्हणू लागले. दुकानाच्या कोपऱ्यात वाळूच्या पिशव्या आल्या, दहा-दहा किलोच्या आणि एक-दोन छोट्या. तेव्हापासून गिऱ्हाइकाची गाडी ते आधी रिकामी आणि मग पिशव्या ठेवून मोजत.

“दुसरीकडे का नाही गेलात?” त्यांनी विचारलं.

“गेलो असतो तर तुम्हीच बोलला असतात. उद्या हिला आत्याकडे न्यायचंय, दिवसभराचा रस्ता आहे. तुमच्या हाताने बसवून द्या, म्हणजे प्रश्न नको.”

“म्हणजे याही वेळी नाव ठेवायला मी आहेच.”

जावई भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसला आणि फोन काढला.

मास्तर मागच्या उजव्या चाकाशी वाकले. तीन बोटं गेली. डावीकडे आले. दोन बोटं गेली, तिसरं अडकलं.

त्यांनी डिकी उघडली. रिकामी. मागचं आसन उचलून बघितलं. खाली एक केसांची पिन आणि धूळ. हवेचा दाब दोन्हीकडे सारखा होता.

“तुमची फरशी वाकडी असेल,” बाकावरून जावई म्हणाला.

फरशी वाकडी नव्हती, पण मास्तरांनी वाद घातला नाही. गाडी बाहेर काढून तोंड फिरवून पुन्हा आत घेतली. तरी डावीच बाजू खाली.

“मग स्प्रिंग बसली असेल.”

हे शक्य होतं. मास्तरांनी गाडी जॅकवर घेतली, दोन्ही मागच्या स्प्रिंगा काढल्या, शेजारी शेजारी उभ्या करून नातीला दाखवल्या. सारख्याच उंचीच्या. डावीकडची उजवीकडे घातली, उजवीकडची डावीकडे. या कामात दुपार झाली. गाडी खाली उतरवली, दोनदा दाबून हलवली, स्थिर होऊ दिली.

उजवीकडे तीन बोटं. डावीकडे दोन.

कॉम्प्रेसर आपोआप बंद पडला आणि दुकान एकदम शांत झालं. नव्या रबराचा वास नेहमीचाच होता. मास्तर बराच वेळ डाव्या चाकाशी बसून राहिले. मागच्या काचेतून आसन दिसत होतं. आसन रिकामं होतं. त्याचं कापडही दबलेलं नव्हतं.

ते उठले आणि कोपऱ्यातल्या पिशव्यांकडे गेले. दहाच्या पाच पिशव्या त्यांनी एकेक करून गाडीजवळ आणून ठेवल्या. पाचच का, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. गेलेल्या मुलीचं वजन पन्नासच्या थोडं वर होतं.

“आजोबा, काय करताय?”

“डावीकडे किती वजन जास्त आहे ते बघतोय. तराजूत कसं, एका पारड्यात भाजी असली की दुसऱ्यात मापं टाकायची. सारखं झालं की समजायचं, भाजी तेवढी.”

“पण इकडे तर काहीच नाहीये.”

“तेच बघतोय.”

उजवीकडच्या आसनावर एक पिशवी ठेवली. मोजलं. दुसरी ठेवली. डावी-उजवी जवळजवळ सारखी झाली. दोन किलोची छोटी पिशवी ठेवल्यावर दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या. खडूने खूण करून पुन्हा बघितलं. बावीस किलो.

मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला. पन्नास नव्हते. म्हणजे मनाचेच खेळ. कुठेतरी पत्र्याचा सांधा दबला असेल, दुरुस्तीत जोड चुकला असेल. उरलेल्या तीन पिशव्या त्यांनी जागेवर नेऊन ठेवल्या, आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांना तहान लागली.

पाणी पिताना मागून आवाज आला. जुने टायर मोजून भंगारात द्यायचा वजनकाटा दाराजवळ होता. नात पाठीवरची पिशवी खाली ठेवून त्यावर चढली होती आणि काट्याकडे वाकून बघत होती.

“आजोबा, मीसुद्धा बावीस.”

मास्तरांनी पेला खाली ठेवला. जवळ जाऊन स्वतः आकडा वाचला.

“शाबास,” त्यांनी म्हटलं.

मग त्यांनी वाळूच्या पिशव्या गाडीतून काढल्या. नातीला उजवीकडे बसायला सांगितलं. उजवी बाजू खाली आली, जशी यायला हवी. आता डावीकडे बस, म्हणाले. ती सरकत डावीकडे गेली, सवयीने काचेला टेकून बसली. मास्तरांनी बोटं घातली.

दोन. आधीइतकीच. ती बसल्याने गाडी केसभरही खाली गेली नव्हती.

जणू ती आधीपासूनच तिथे बसलेली होती.

“उतर,” ते म्हणाले. “लवकर उतर.”

बाकाशी जाऊन ते जावयासमोर उभे राहिले. “उद्या हिला यातून नेऊ नका.”

“का?”

मास्तर काय सांगणार होते? जावई त्यांच्याकडे बघून कडवट हसला.

“बाबा, सरळ सांगा ना, टायर द्यायचे नाहीत. सकाळपासून फरशी झाली, स्प्रिंग झाली, वाळू झाली. तुमच्या मनातलं मला कळतं. कळत नाही असं समजू नका.”

“टायर देतो.”

“काय?”

“दोनशे पासष्ट. आत्ता बसवतो.” मास्तर खाली बघत बोलत होते. “पण नव्या टायरला वरून मेणासारखा थर असतो, तो झिजेपर्यंत पकड येत नाही. पहिले दोनशे किलोमीटर मागे माणूस बसवायचं नाही. दोन दिवस एकटे फिरवा. तोवर ही आमच्याकडे राहू दे. आजीलाही बरं वाटेल.”

थराचं खरं होतं. मागे माणूस बसवू नये, हे खरं नव्हतं. चाळीस वर्षांत खडू हातात असताना मास्तरांनी चुकीचं काही शिकवलं नव्हतं. आणि जे टायर या गाडीला घालू नयेत हे त्यांना कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं, तेच ते दुसऱ्यांदा, आपल्या हाताने, त्याच माणसाला बसवून देणार होते.

जावयाने थोडा विचार केला. “दोन दिवस. पोरीला घेऊन बसू नका. माझ्याकडे आता तेवढीच आहे.”

“माझ्याकडेही.”

तासाभरात चाकं चढली. रुंद, काळी, कमानीच्या बाहेर ओठासारखी आलेली. गाडी आता उपाशी दिसत नव्हती. जॅक काढल्यावर मास्तर सवयीने वाकले. उजवीकडे तीन बोटं गेली. डावीकडे हात न्यायला त्यांना जरा वेळ लागला.

तीन.

त्यांनी हात काढून पुन्हा घातला. तीन बोटं, मोकळी. सकाळपासून जे काही डावीकडे होतं ते उतरून गेलं होतं. मास्तर चाकाला धरून उठले.

“झालं ना?” जावयाने विचारलं.

“झालं. सावकाश जा रे.”

‘रे’ तोंडातून निघून गेल्यावर दोघांनाही ते ऐकू आलं. जावई गाडीत बसला. काळी गाडी फाटकातून सरळ, समतोल बाहेर पडली आणि वळणावर दिसेनाशी झाली. नातीने हात हलवला.

अजून चांगलं ऊन होतं, पण मास्तरांनी दुकान लवकर आवरायला घेतलं. अवजारं जागेवर ठेवली, फरशीवरचं चित्र तेवढं पुसलं नाही. घरी आजीला फोन केला की छोटीला घेऊन येतोय. आजी फोनवरच रडली. मग हसली. मास्तरही हसले. कितीतरी दिवसांनी घरी जायची घाई वाटत होती.

“चल,” ते दाराला कुलूप लावता लावता म्हणाले. “पिशवी घे.”

“घेतलीये.” नात त्यांच्या जुन्या गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवी बसली होती. “आजोबा, मी मोजते.”

“मोज.”

कुलूप जुनं होतं, किल्ली दोनदा फिरवावी लागायची.

“उजवीकडे अंगठा जातो.” मग चपलांचा आवाज, ती दुसऱ्या बाजूला गेल्याचा. “इकडे नाही जात.”

किल्ली मास्तरांच्या हातात तशीच राहिली.

“पुन्हा मोज,” ते शांतपणे म्हणाले. घाई करायची नसते, हे ते मुलांना नेहमी सांगत. “सावकाश. हात सरळ ठेव.”

तिने पुन्हा हात घातला.

“चार बोटं जातात. अंगठा नाही जात.”

मास्तरांनी वळून बघितलं नाही. कुलूप पुन्हा उघडलं. आत जाऊन कोपऱ्यातून दहाच्या दोन पिशव्या आणि दोनची एक उचलली, त्या एकेक करून आपल्या गाडीच्या मागच्या आसनावर उजवीकडे ठेवल्या, आणि दार लावून बाजूला उभे राहिले.

नातीने न सांगता पुन्हा मोजलं. आधी उजवीकडे, मग डावीकडे. धडा तिला पाठ झाला होता.

“आता सारखं आहे,” ती म्हणाली, आणि ते शाबास म्हणतील म्हणून त्यांच्याकडे बघत उभी राहिली.