दुसरं नाव

'आपल्या आधार-व्यक्तीने जबाबदारी नाकारली आहे.'

मोबाईलवरची ती ओळ साधनाने तीनदा वाचली, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली, आणि मग इंदिरानगरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात, हातातली मेथीची जुडी तशीच धरून, ती मटकन खाली बसली... नाकारली! आणि कुणी? कुंदनने!

वडील, धोंडीराम गायखे, गेले तेव्हा धाकटा भाऊ कुंदन आठ वर्षांचा होता आणि साधना बारावीत. त्याच महिन्यात तिने कॉलेज सोडलं आणि सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. दोन वर्षांत आईही गेली. स्थळं यायची, पण 'आधी कुंदनचं मार्गी लागू दे' म्हणून ती परतवून लावायची. आणि कुंदनचं सगळं मार्गी लागलं, आयटीआय झालं, नोकरी लागली, मनालीसारखी बायको मिळाली, तोवर स्थळं यायचीच बंद झाली होती. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं ती चारचौघांत हसून सांगायची. वाटायचं हो, फार वाटायचं!

यंदा कारखान्यातला तिचा विभाग बंद झाला आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी साधनाने मनात दडपलेली एकच इच्छा बाहेर काढली... पदवी! बारावी न झालेल्यांनाही एका विद्यापीठाच्या ऑनलाइन वर्गात घेत होते, फक्त आधी महिनाभराची पूर्वतयारी पूर्ण करायची होती. अभ्यासाची वेळ ठरवा, जागा ठरवा, रोज हजेरी लावा, अडलं तर त्याच दिवशी विचारा. साधनाने ते सारं व्रतासारखं पाळलं. दुपारी दोन ते चार, खिडकीजवळ, पाठ ताठ! फाईल जोडायला शिकली, कॅमेऱ्यासमोर न लाजता बोलायला शिकली, एकदा तर सरांची चूकसुद्धा दाखवून दिली आणि नंतर दिवसभर घाबरून बसली.

शेवटची पायरी सोपी होती. तुमच्या अभ्यासाची वेळ जपेल असं घरातलं एक माणूस, त्याचं नाव आणि नंबर लिहा, आम्ही फोन करून विचारू. क्षणभरही विचार न करता तिने कुंदनचं नाव लिहिलं. त्याला आधी सांगितलं मात्र नाही. पाठच्या भावाला काय विचारायचं?

आणि त्याने नकार दिला. सात दिवसांत दुसरं नाव कळवा, नाहीतर यंदाचा प्रवेश रद्द, असंही खाली लिहिलं होतं. त्या रिकाम्या चौकटीकडे ती रोज बघत बसायची. दुसरं नाव... जगात तिला दुसरं होतं तरी कोण? आठव्या दिवशी ती चौकट मिटली. साधना कुणाला काही बोलली नाही. तिने कुंदनला गरम भाकरी वाढली, आणि ज्याला आपण ओझं झालोय त्याच्या घरात राहायचं कशाला, असं तिच्या दुखावलेल्या हृदयाने ठरवून टाकलं.

नवव्या दिवशी पहिली पाळी करून कुंदन घरी आला, तर ताई पिशवी भरत होती.

"कुठं निघालीस गं?"

"हरसूलला. कारखान्यातली माझी मैत्रीण फुलाबाई आता ज्या आश्रमशाळेत आहे, तिथं स्वयंपाकाला बाई हवीय."

"काहीतरीच काय! आणि तुझा अभ्यास?"

"तूच नाही म्हणालास ना रे..." तिचा आवाज फुटला. "फोन आला होता ना तुला?"

कुंदन गोंधळला, आणि मग एकदम त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तो? अगं, रेकॉर्ड केलेला आवाज होता तो! 'यांची जबाबदारी स्वीकारता का, होसाठी एक, नाहीसाठी दोन'... मला वाटलं फ्रॉडवाले! कंपनीत आम्हाला बजावलंय, असल्या कॉलला कधी हो म्हणायचं नाही. मशीन चालू होतं ताई, मी दोन दाबून मोकळा झालो."

"कुणाची जबाबदारी, ते सांगितलं नव्हतं?"

कुंदनची मान खाली गेली.

"सांगितलं होतं. साधना धोंडीराम गायखे."

"नाव ऐकलंस... तरी दोन दाबलंस? घरी येऊन एका शब्दाने विचारलं नाहीस?"

"विसरलो गं..." तो तिच्या पायांशी बसून लहान मुलासारखा रडू लागला. "शपथ घेऊन सांगतो, विसरलो!"

त्याने तिथूनच स्पीकरवर विद्यापीठाला फोन लावला, गयावया केली. पलीकडच्या बाई सौम्यपणे म्हणाल्या, दुसरं नाव कळवायला सात दिवस दिले होते, यादी बंद झाली, आता पुढच्या वर्षी.

इतका वेळ मनाली दाराशी उभी होती. ती पुढे आली, पण तिचे डोळे रागाने भरले होते.

"ताई, यांचं चुकलंच. पण तुमच्याकडे सात दिवस होते ना? माझं नाव का नाही लिहिलंत?"

साधनाने हातातली पिशवी खाली ठेवली.

"महिनाभर दुपारी दोन वाजले की मी आपल्या छोट्या पायलला घेऊन शेजारी जाऊन बसायचे. कशाला, कधी विचारलंत? वाटण सकाळीच करून ठेवायचे, मिक्सरचा आवाज नको म्हणून. शेजारच्या काकूंना कौतुकानं सांगायचे, आमच्या ताई शिकतायत... नऊ वर्षं झाली मला या घरात येऊन! तुम्हाला सुचलंसुद्धा नाही का हो?"

साधनाने उत्तर शोधलं. राग आठवला असता तरी चाललं असतं, एखादं जुनं भांडण आठवलं असतं तरी बोलता आलं असतं; पण तसलं काहीच नव्हतं. सात दिवस ती एका नावासाठी तळमळत होती, आणि ते नाव तिच्याच ताटात भात वाढत होतं!

"नाही गं सुचलं..." ती कशीबशी म्हणाली. "एकदाही नाही सुचलं, मनाली!"

आणि मनालीच्या खांद्यावर डोकं ठेवून ती हुंदके देऊन रडली. वडील गेल्यापासून ती अशी कुणाजवळच रडली नव्हती.