दहा रुपये बाकी

पटो न पटो, हे माझ्यासोबत घडलंय. आणि रात्रीबित्री नाही, भर दुपारी, हॉस्पिटलच्या बिलिंग ऑफिसात.

थकलेल्या बिलांसाठी फोन करायचे, हे माझं काम. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या, संध्याकाळी साहेबांच्या. इकडे आड, तिकडे विहीर. वीट आलाय नुसता.

त्यात एका पेशंटचा नंबर होता...

ती म्हातारी स्वतःच उचलायची. आवाज दमलेला. मागे कसलंतरी मशीन. बीप... बीप...

"भरते गं बाई. पण माझ्या मुलाला फोन करू नकोस. आधीच पिचलाय तो."

मला तिची दया यायची. महिनोन्‌महिने थांबले. शेवटी साहेब खेकसले, "तुझी मावशी लागते का ती?"

मग मुलाला फोन लावला.



"मॅडम, आई तुमच्याच आयसीयूत गेली. वर्ष होत आलं. तिचा नंबरही बंद केलाय मी."

मी यादी परत उघडून पाहिली, तिचं नाव तिथेच होतं.

आमच्याकडे एक गोम आहे. मृत्यूची नोंद वॉर्डच्या कॉम्प्युटरात होते. आमच्या यादीत मात्र बिल मिटेपर्यंत पेशंट जिवंतच असतो.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. उसनवारी करून सगळे पैसे आणले होते. त्याला खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "लावा बरं फोन. माझ्यासमोर लावा."

मी स्पीकरवर लावला.

बीप... बीप...

तो समोर बसलाय, हे मी बोललेही नव्हते.

"जेवलास का रे?"

पोरगा ढसाढसा रडला. मग डोळे पुसून त्याने पैसे माझ्यापुढे ठेवले, आणि त्यातली दहाची नोट परत खिशात घातली.

"एवढे राहू द्या, मॅडम. बिल मिटवू नका."

बाकी असली की दर महिन्याला फोन करावाच लागतो. नियमच आहे. काल केला.

बीप... मग बराच वेळ काही नाही... मग बीप...

"पोरी, मी फार दमले गं. सोडव ना आता."

माझ्या पर्समध्ये दहाची नोट आहे. सकाळपासून कितीदा काढली, कितीदा परत ठेवली.

मघाशी मुलाचा फोन आला होता.

"मॅडम, आई बरी आहे ना?"

मी हो म्हणून बसले.