आवाज शून्यावर

आमचा टीव्ही जुना आहे, पण चित्र अजून स्वच्छ येतं. खोक्यावर इंटरनेटचा म्हणून लिहिलं होतं, तरी त्यात वायफाय नव्हतं. त्यासाठी मागच्या यूएसबीला वेगळा अॅडॅप्टर लावावा लागतो, हे घेताना कुणी सांगितलं नाही आणि आम्हाला गरजही पडली नाही. केबल होती. अव्वा गेल्यावर महिनाभर टीव्ही कुणी लावलाच नाही, म्हणून मी केबल बंद केली.

अव्वा म्हणजे माझी आई, गौरम्मा. भवानी पेठेतल्या घरात आता मी आणि माझे वडील, अप्पा, एवढेच राहतो. धाकटा भाऊ नंदीश पुण्याला असतो. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. अव्वाचे दिवस झाल्याबरोबर मी कामावर जायला लागले. रक्ताच्या नळ्या, स्लाइड, रिपोर्ट, सगळं नीट होत होतं. बायका म्हणायच्या, सिद्धेश्वरी, एकदा रडून घे. रडू येत नव्हतं. चहा गरम होता की गार, हे पिऊन झाल्यावरही मला सांगता आलं नसतं.

अप्पांना ऐकू येत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर त्यांनी आयुष्य काढलं, त्या खडखडाटात कान गेले. कानात घालायचं मशीन आणलं होतं, ते त्यांनी काढून ठेवलं. अव्वाही लग्नानंतर काही वर्षं मागांच्या त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची. शेडमध्ये ओरडून उपयोग नसतो. लोक नुसते ओठ हलवून बोलतात, आवाज न काढता. ती बोली त्या दोघांनी घरी आणली. लहानपणी जेवताना ती एका टोकाला, हे दुसऱ्या टोकाला, आणि दोघं कितीतरी वेळ बोलत, हसत, आणि मला नि नंदीशला त्यातलं काही कळत नसे. मला ती बोली आलीच नाही. मी तसं बोलायला गेले की अप्पा म्हणायचे, ‘‘पुटपुटू नको, नीट बोल.’’ मग मी त्यांच्या कानाशी जाऊन एकेक शब्द ओरडून सांगायची.

टीव्ही लागला की अव्वा त्याच्या डाव्या अंगाला लाकडी स्टुलावर बसायची आणि ऐकलेलं सगळं ओठांनी अप्पांना सांगायची. आवाज अगदी बारीक ठेवायची. अप्पांना पडदा आणि अव्वा, दोन्ही एका नजरेत दिसायचं.

ती गेल्यावर अप्पा नुसते खुर्चीत बसून राहायला लागले. नंदीश फोनवर म्हणाला, ‘‘अक्का, त्यांना यूट्यूब लावून दे. खाली अक्षरं येतात, ती वाचतील.’’ त्यानं ऑनलाइन एक अॅडॅप्टर पाठवला. टीव्हीनं तो ओळखलाच नाही. मी तो घेऊन नवी पेठेतल्या येडूच्या टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानात गेले. येडूनं टीव्हीचा मॉडेल नंबर विचारला आणि मान हलवली.

‘‘ह्या टीव्हीला कुठला बी चालत न्हाय, ताई. त्या कंपनीचाच लागतो. आता बनत न्हाय तसला. एक वापरलेला पडलाय, बघा लावून. न्हाय चालला तर परत आणा की.’’

तो चालला. टीव्हीच्या मागं हात घालायला मी अव्वाच्या स्टुलावर बसले, अॅडॅप्टर खोचला, सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क शोधलं. गल्लीतल्या सगळ्या घरांची नावं आली. त्यात आमचं निवडलं, रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर गाठत पासवर्ड घातला. जोडणी झाली असं पडद्यावर आलं. राउटर बाहेरच्या खोलीत आणि मधली भिंत दगडी, त्यामुळं सिग्नल कमजोर होता. चित्र मधूनमधून थांबायचं आणि मधोमध एक गोल फिरत राहायचं. अप्पांना त्याचं काही वाटलं नाही.

कन्नड नाटकं, शेतीचे कार्यक्रम, प्रवचनं, काहीही लावलं तरी अप्पा बघायचे. आवाज मी शून्यावर ठेवला होता. त्यांच्यासाठी आवाजाचा उपयोग नव्हता आणि मला शांतता बरी वाटायची. बऱ्याच कार्यक्रमांना खाली अक्षरं येतच नव्हती. तरी अप्पा योग्य जागी हसायचे. चेहरे बघून कळत असेल, असं मी धरलं. आयुष्यभर ओठ वाचलेला माणूस.

एका रविवारी दुपारी मी ज्वारी निवडत होते. पडद्यावर माळरान होतं, मेंढरं चरत होती, माणूस एकही नव्हता. अप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, ‘‘ह्यांच्यात रोग आलता म्हणं गेल्या साली. निम्मी मेली.’’

मी आवाज वाढवला. कार्यक्रम थोडा मागं नेला. मेंढरांच्या चित्रावर एक बाई कन्नडमधून माहिती सांगत होती. रोग आला होता. निम्मा कळप गेला होता.

मी पुन्हा आवाज बंद केला आणि ज्वारी निवडायला बसले.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले, लॅबमध्ये शंकास्पद नमुना वेगळा काढून ठेवते तसं. एक नाटक चालू होतं. गोल फिरायला लागलं, नटाचं तोंड उघडं राहून चित्र गोठलं. अप्पा खो खो हसले. म्हणाले, ‘‘सासऱ्यालाच गडी समजला बघ!’’ मी रिमोट घेऊन आवाज वाढवला आणि वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं चित्र हललं. दारातून एक म्हातारा आला, आणि जावयानं त्याच्या डोक्यावर पोतं दिलं.

हे नाटक त्यांनी पूर्वी पाहिलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. मग नवीन बातम्या लावून पाहिल्या. गोल फिरायचं, अप्पा मान डोलवायचे, आणि मला सांगायचे. नंतर बातमी यायची. दर वेळी.

शेवटी मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, ‘‘अप्पा, तुम्हाला कसं कळतं?’’

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काही खुळ्यासारखं विचारलं.

‘‘अव्वा सांगती की.’’

मी स्टुलाकडं पाहिलं. लाकडी स्टूल, त्यावर धुतलेला टॉवेल घडी करून ठेवलेला. गॅसवर दूध होतं. मी आत जाऊन ते उतरवलं. मला भीती वाटायला हवी होती, हे मला समजत होतं. वाटत नव्हती.

नंदीशला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, ‘‘जेवतात ना नीट? झोपतात ना?’’

‘‘हो. पहिल्यापेक्षा बरे आहेत.’’

‘‘मग राहू दे, अक्का. म्हातारपणी होतं असं.’’

मीही राहू दिलं.

अप्पांची बहीण कमलम्मा मैंदर्गीला असते. असायची. तिच्या नातीचं लग्न अक्कलकोटला होतं. अप्पांचे गुडघे इतके दुखत होते, की गाडीत बसणं शक्य नव्हतं. आत्याचा मुलगा गुरुसिद्धप्पा म्हणाला, ‘‘व्हिडिओवाला लाइव्ह दाखवणार हाय. मामांना घरबसल्या दाखव.’’ मी सुट्टी काढली. अप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं, डोक्याला पटका बांधला आणि खुर्चीत बसले. मी शेजारी पाटावर.

अक्षता पडल्या. जेवणाच्या पंगती बसल्या. कॅमेरा पंगतीवरून फिरला, कमलम्मा दिसली. हिरवं इरकल, हातात बुंदीचं भांडं, ती वाढत निघाली होती. अप्पा खूष झाले. आणि चित्र थांबलं. गोल फिरायला लागलं.

अप्पा डावीकडं बघत होते. त्यांचं हसू हळूहळू उतरलं.

‘‘कमली पडली,’’ ते म्हणाले. मग मोठ्यानं, ‘‘अगं सिद्धू, कमली पडली! उचला म्हणाव तिला!’’

मी फोन लावला. गुरुसिद्धप्पानं उचलला. मागं वाजंत्री, माणसांचा गलका.

‘‘आत्या कशी आहे?’’

‘‘अगं, समोरच हाय. वाढायली. का गं?’’

‘‘तिला बसव. आत्ताच्या आत्ता खाली बसव, भांडं काढून घे हातातलं.’’

‘‘काय झालं?’’

‘‘बसव आधी!’’

‘‘अव्वा, ए अव्वा...’’ तो आपल्या आईला हाक मारत पुढं गेला, ते मला ऐकू आलं. मग भांड्याचा आवाज. मग बायकांचा ओरडा. फोन चालूच होता, पण त्यावर कुणी बोलत नव्हतं.

त्यानंतर काही वेळानं आमच्या पडद्यावरचं चित्र सुटलं. कमलम्मा वाढत पुढं आली. मागून गुरुसिद्धप्पा कानाला फोन लावून, हात पुढं करून येत होता. ती वळली, त्याच्याकडं बघून काहीतरी बोलली आणि जागच्या जागी बसल्यासारखी खाली गेली. बुंदी सगळीकडं पसरली.

लाइव्ह म्हटलं तरी प्रक्षेपण थोडं मागं असतं. हे मला माहीत होतं. म्हणून फोनवर आधी ऐकू आलं, पडद्यावर नंतर दिसलं. त्यात काही नवल नाही. नवल होतं ते अप्पांचं. ते फोनच्याही आधी होते.

आत्या दवाखान्यात पोचायच्या आत गेली. अप्पा रडले. मी त्यांना पाणी दिलं, पडदा बंद केला, टीव्हीच्या मागं हात घालून अॅडॅप्टर उपटला आणि पर्समध्ये टाकला.

काही दिवस टीव्ही तसाच राहिला. अप्पांनी एकदाही मागितला नाही. आत्याच्या कार्याला त्यांना मैंदर्गीला न्यायला नंदीश मोठी गाडी घेऊन येणार होता. म्हणजे पाय लांब करून बसता आलं असतं. त्या दिवशी मी घरीच होते. भाकरी करून बाहेर आले, तर अप्पांनी स्वतःच टीव्ही लावलेला. पडद्यावर नेटवर्क नसल्याची पाटी होती. ते अस्वस्थ होते.

‘‘नंदीश निघाला का?’’

मी होकारार्थी मान हलवली. सकाळीच पुण्याहून निघाला होता.

‘‘आत्ता लावला तवा अव्वा त्याचंच सांगत होती काहीतरी. टेंभुर्णी म्हणाली. आन् मधीच बंद पडलं.’’ त्यांनी पडद्याकडं बोट केलं. ‘‘ते लाव की गं परत.’’

मी नंदीशला फोन केला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा केला. पुन्हा तेच. गाडी चालवताना तो फोन उचलत नाही.

मी पर्स उघडली. अॅडॅप्टर तळाशी होता. स्टुलावर बसून, टीव्ही थोडा ओढून तो मागं खोचला. टीव्हीनं ओळखला. गल्लीतली नावं आली. मी आमचं नाव निवडलं. पासवर्ड पहिल्यांदा चुकला, पुन्हा घातला. अक्षरं गाठताना माझा अंगठा घसरत होता, पण आत काहीच हलत नव्हतं. जोडणी झाली. गोल फिरायला लागलं.

मी अप्पांकडं पाहिलं. ते पडद्याकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते.

‘‘हं,’’ ते म्हणाले. ‘‘हं... बरं... मग?’’

‘‘काय, अप्पा?’’

‘‘थांब. मधी बोलू नको.’’

त्यांनी ऐकून घेतलं. बारीक डोळे करून, मान किंचित पुढं काढून. मग म्हणाले, ‘‘टेंभुर्णीच्या पुढं आत्ता येऊ नको म्हणाव त्याला. हॉटेलात थांब म्हणाव. ऊन उतरल्यावर नीघ.’’

मी पुन्हा फोन लावला आणि या वेळी नंदीशनं उचलला. चहाला थांबला होता. टेंभुर्णीलाच.

‘‘थांब तिथंच,’’ मी म्हणाले. ‘‘ऊन उतरल्यावर नीघ.’’

‘‘का? झालंय काय?’’

‘‘अप्पा म्हणतात.’’

त्यानं हॉटेलवाल्याला आणखी एक चहा सांगितला. मग म्हणाला, ‘‘बरं.’’

तो थांबला. संध्याकाळी सुखरूप घरी आला. रस्त्यात काही दिसलं नाही म्हणाला, काही ऐकलंही नाही. नसता थांबला तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही.

पण ते संध्याकाळचं. त्या दुपारी मी फोन मांडीवर ठेवला आणि स्टुलावर तशीच बसून राहिले. आवाज शून्यावर होता. पडद्यावर गोल फिरत होतं. बाहेर कुणी हातगाडी घेऊन चाललं होतं, तिची चाकं वाजत होती.

अप्पांचा चेहरा निवळला होता. ते अजून माझ्याकडंच बघत होते. त्यांनी मान डोलवली. मग गालातल्या गालात हसले. असे ते फक्त अव्वाशी बोलतानाच हसायचे.

‘‘व्हय, आठवतंय की,’’ ते म्हणाले. ‘‘लई भिजलो होतो तवा.’’

मी काही बोलले नव्हते.

ते पुन्हा हसले. डोळ्याला धोतराचा सोगा लावला. काही विचारलं, थांबले, आणि उत्तर मिळाल्यासारखी मान हलवली.

मी हात उचलला आणि तोंडाशी नेला.

माझे ओठ हलत होते. भरभर, मोठे होऊन, न थांबता. बोटांना ते कळत होतं. ओठांना बोटं लागलेली कळत नव्हती.