बर्लिनच्या गाडीत आजीची जागा

"आबा, फोन आडवा धरा. आम्हाले तुमचं नाकच दिसून राह्यलं, बर्लिन कुठाय?"

मुकुटबनच्या गच्चीवर अर्पिता, तिचा धाकटा भाऊ नयन आणि वणीहून सुट्टीत आलेला आतेभाऊ ऋतिक एकाच पोत्यावर दाटीवाटीनं उभे होते. मे महिन्याची दुपार. पोत्याबाहेर पाय पडला की चटका बसायचा. पण रेंज मिळायची ती इथंच, पाण्याच्या टाकीला चिकटून. घरात खाली आईचा डोळा लागला होता, म्हणून ओरडायचीही सोय नव्हती.

राजकुमारकाका बर्लिनला नोकरीला. आबा आणि आजी महिनाभर त्यांच्याकडे गेले होते, पण काकांना काही सुट्टी मिळेना. "हे दिवसभराचं तिकीट. बस, ट्राम, रेल्वे, सगळ्यात चालतं. फिरा," असं म्हणून ते सकाळी ऑफिसला पळाले. मग काय, नकाशा उघडून सहल आखली ती या तिघांनी.

दुमजली बसची वरची पुढची सीट झाली. काचेचा घुमट असलेली संसद झाली. वर चार घोड्यांचा रथ असलेली खांबांची भलीमोठी वेस झाली. आजीला सगळ्यात नवल वाटलं ते एकाच गोष्टीचं.

"कंडक्टर नाही तं घंटी कोण मारते, माय?" तिनं बसमध्ये चारदा विचारलं होतं.

आता दोघं ओस्टक्रॉइझ नावाच्या स्टेशनवर एका खांबाशी उभे होते. लाल-पिवळी गाडी आत येत होती.

"आबा, गाडीचं तोंड दाखवा ना," अर्पिता म्हणाली. "जरा मागं सरा, पुरी येत नाही."

आबा मागे सरले. गाडी थांबली. कपाळावर तिच्या लिहिलं होतं, एस एक्केचाळीस. आबा तो आकडा नीट दाखवत होते तेवढ्यात आजी पिशवी पुढं करून डब्यात शिरली सुद्धा. खिडकीशी बसली, शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली आणि काचेतून हात हलवला. या.

दार पिपाणीसारखं वाजलं आणि मिटलं.

फोनमध्ये गाडी सरकताना दिसली, मग नुसते रूळ.

"अवो, इंदू," आबा हळूच म्हणाले. त्यांचा तो आवाज अर्पितानं आजवर कधी ऐकला नव्हता.

आजीजवळ फोन नाही. तिकीट आबांच्या खिशात. तिथल्या भाषेचा एक शब्द येत नाही. आणि मागं सरा असं अर्पिताच तर म्हणाली होती.

ऋतिकनं आपल्या फोनवरून काकांना लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काका कुजबुजले, "मीटिंगमध्ये आहे रे."

"मामा, आजी गाडीत गेली आन् आबा खालीच राह्यले."

मीटिंग तिथंच संपली. "हे पाहा," काका धापा टाकत बोलू लागले, "कोणीही शहाणा माणूस पुढच्या स्टेशनवर उतरतो. ट्रेप्टोवर पार्क. मी तिकडंच निघालो. आबांना सांगा, मागच्या गाडीत बसा आणि तिथं उतरा."

अर्पितानं निरोप दिला. आबांनी मान हलवली. गच्चीवर कोणाचे पाय जागेवर ठरेनात. नयन पोत्यावरून उतरायचा, चटका बसला की परत चढायचा.

"पुढं उतरनच न आजी?" त्यानं विचारलं.

"उतरन ना बे. नाही उतरली तं?" ऋतिक म्हणाला आणि त्यानं फोनवर नकाशा उघडला.

अर्पिता डोळे मिटून आजीला पाहू लागली. पिशवीवर एक हात, नजर दाराकडं. अशी आजी तिनं किती वेळा पाहिली होती! मागच्या दिवाळीत पांढरकवड्याच्या स्टँडवर एसटी बिघडली, सगळे उतरून दुसऱ्या गाडीत बसले, ड्रायव्हरही चहाला गेला. आजी मात्र त्या रिकाम्या गाडीत दोन जागा धरून बसलेली. आबा पाणी आणायला गेले होते ना! ते आल्याशिवाय ती उठलीच नाही.

फोनमध्ये पुढची गाडी येताना दिसली. आबांनी पाऊल उचललं.

"आबा, चढू नका!"

"काहून?"

"आजी उतरली नसन. ती तुमची जागा धरून बसली असन."

आबा थबकले. समोर दार उघडं होतं. "राजकुमारनं सांगतलं, या म्हनून."

"आबा, तुम्ही सांगा. आजी जागा सोडून उठते काय?"

दार मिटलं. गाडी गेली. आबा फलाटावरच होते. "नाही उठत," ते म्हणाले. "माहा भरवसा धरून बशीन ते. पन पोरी, मंग ते जाईन कुठवर?"

याचं उत्तर नयनजवळ होतं. तो ऋतिकच्या फोनवर नकाशात बोट फिरवत होता, आणि बोट काही केल्या थांबत नव्हतं.

"ताई, एक्केचाळीसले शेवटचं ठेसनच नाही. गोल हाय पाह्य."

तिघांची डोकी एकमेकांवर आदळली. खरंच, ती रेघ सगळ्या शहराला वळसा घालून पुन्हा ओस्टक्रॉइझलाच येत होती. तासाभराचा फेरा.

"आबा, जिथून आजी चढली त्याच खांबाशी उभे राहा. हालू नका."

इतक्यात काकांचा फोन. ते ट्रेप्टोवर पार्कला पोचले होते. "आई इथं नाही. आणि आबा कुठं आहेत?"

"काका, आम्हीच त्यांना थांबवलं."

"थांबवलं? अर्पिता, हा खेळ आहे का? आणि जागा कशाला धरेल ती? अर्धी गाडी रिकामी असते इथं."

"आजीले कोण सांगणार, काका?"

"मी पुढची स्टेशनं पाहून येतो तिकडं," काका एवढंच म्हणाले.

मग जे वाट पाहणं सुरू झालं, ते कोणाच्या वाट्याला येऊ नये. गाडी आली की आबा वाकून खिडक्या पाहत, आणि इकडं तिघं श्वास धरत. गाडी जाई. आई जागी होऊन वर आली, रागवायला म्हणून आली आणि सगळं ऐकून टाकीशी तशीच अनवाणी उभी राहिली. तास होऊन गेला. एक एक्केचाळीस नंबरची आली, तिच्यात आजी नव्हती. माझं चुकलं असलं तर? अर्पिताला रडू फुटणार तेवढ्यात आणखी एक गाडी शिरली.

खिडकीत ओळखीचा पदर.

दार मात्र उघडेना.

"बटन दाबा, आबा! दारावर, हिरवं!"

आबांनी दाबलं. दार सरकलं आणि आजीचा आवाज थेट मुकुटबनच्या गच्चीवर पोचला.

"अवो, कुठं गेलते? चौघं-पाचजन येऊन गेले या सीटवर. मी म्हनलं, मानूस येऊन राह्यला माहा."

"तुले भेव नाही वाटलं?"

"भेव कायचं? जागा होती ना आपली. बसा आता. लई मोठं गाव हाय, दोन नद्या पायल्या म्या."

आबा आत जाऊन बसले. अगदी आज्ञाधारकपणे. हरवलं होतं कोण, हे आजीला कोणीच सांगितलं नाही.

तेवढ्यात आबांच्या फोनमध्ये, डब्याच्या दाराबाहेर, जिन्यावरून काका धावत येताना दिसले, टाय खांद्यावर उडालेला. "आई! आबा! थांबा!"

दार पिपाणीसारखं वाजलं आणि मिटलं.

आईनं कपाळाला हात लावला, पण हसू तिला आवरेना. तिनं अर्पिताला जवळ ओढलं, नयनच्या डोक्यावर टपली मारली आणि ऋतिकचा गाल ओढला. "शाहानी झाली माही लेकरं," ती म्हणाली.

ऋतिकचा फोन वाजला. काकांना दम लागला होता, हसूही येत होतं. "मानलं रे पोरांनो. मला इतकी वर्षं इथं राहून जे सुचलं नाही, ते तुम्हाला गच्चीवर सुचलं. आता सांगा, मी काय करू?"

अर्पितानं फोन हातात घेतला.

"काका, त्याच खांबाशी उभे राहा. हालू नका. येतील ते फिरून."