जहाज, एक, पूर्वेकडे

समुद्राचा अभ्यास करायला निघालेल्या त्या जहाजावर पक्षी मोजायचं काम दोघी बहिणींकडे होतं. ताई बघणारी, धाकटी लिहिणारी. ताईची दहा वर्षं अशाच सफरींमध्ये गेलेली. लाटेवरून सर्रकन निघून गेलेला पक्षी ती नुसत्या पंखाच्या टोकावरून ओळखायची. धाकटीला या कामाला तिनंच चिकटवलं होतं. निघताना आईनं दोघींना बजावलं होतं, "भांडा काय भांडायचं ते, पण एकमेकींवर लक्ष ठेवा."

आता मोजणीची पद्धत नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. रोज सकाळी दहा ते अकरा ताई दुर्बीण घेऊन कठड्याशी उभी राहायची. तिच्या मागे चार पावलांवर वाऱ्यासाठी फळ्यांचा आडोसा केलेला. त्यात धाकटी वही घेऊन बसायची, कठड्याकडे पाठ करून. ताई ओरडून सांगणार: काय, किती, काय करतंय, किती अंतरावर. वहीत तसे चार रकाने. धाकटी उतरवून घेणार आणि मोठ्यानं म्हणणार, "लिहिलं." ते ऐकू आलं नाही तर ताई तीच नोंद पुन्हा, आणखी जोरात सांगणार. लिहिणाऱ्यानं मान वळवायची नाही. वळवली की त्यालाही पक्षी दिसतो आणि एकाचे दोन होतात. शिवाय मोजणी चालू असताना मोजणीशिवाय अवाक्षर काढायचं नाही. पहिल्याच आठवड्यात धाकटीनं मध्येच विचारलं, "ताई, आज जेवायला काय गं?" तर ताईनं तिला सगळ्यांदेखत असं झाडलं, की पोरगी दोन दिवस गाल फुगवून बसली होती. तेव्हापासून मोजणीचा तास म्हणजे कडक सोवळं.

त्या दिवशी हवा थंडगार होती, आभाळ राखी. दहा वाजता नेहमीसारखं सुरू झालं.

"काळ्या पाठीचे, दोन, पाण्यावर बसलेले, शंभर मीटर."

"लिहिलं."

थोड्या वेळानं जहाजाला एक आडवा हिसका बसला. पेन्सिल घरंगळली. धाकटीनं ती पायानं अडवली, उचलली, आणि वहीत वेळ टाकली, दहा अठरा. ताईचा आवाज क्षणभर थांबला होता, तो पुन्हा आला. जरा घोगरा वाटला. वारा असेल.

"पांढऱ्या पोटाचा, एक, डोक्यावरून गेला, दहा मीटर."

"लिहिलं."

"जहाज, एक, पूर्वेकडे, दोनशे मीटर."

धाकटीला गंमत वाटली. तीन आठवडे या पाण्यात एक होडी भेटली नव्हती, आणि आज चक्क दुसरं जहाज! वळून बघायचा मोह झाला, पण पहिल्या आठवड्यातलं झाडणं आठवलं. "लिहिलं."

"जहाज, एक, पूर्वेकडे, सातशे मीटर."

"लिहिलं."

"जहाज, एक, पूर्वेकडे, दोन किलोमीटर."

"लिहिलं."

मग बराच वेळ पक्षी नाहीत, पक्षी नाहीत, पक्षी नाहीत. प्रत्येक वेळी धाकटीनं इमानेइतबारे लिहिलं. अकराला पाच कमी असताना आचारीमामा चहाचे दोन मग घेऊन आले.

"ताई कुठं गेल्या?"

"कुठं जाणार? ही काय इथंच..."

असं म्हणत ती वळली. कठडा रिकामा होता. दुर्बिणीचा पट्टा खिळ्याला अडकून वाऱ्यावर हलत होता.

कप्तानानं वही हातात घेतली, दहा अठराच्या खालच्या नोंदी वाचल्या आणि जहाज पश्चिमेला वळवलं. आसपास शंभर मैलांत दुसरं जहाज नव्हतं. ते पूर्वेकडे लांब लांब जाणारं जहाज म्हणजे हेच.

"हाक नाही मारली त्यांनी?" कप्तानानं हळूच विचारलं.

"मारली ना," धाकटी म्हणाली. "सदतीस मिनिटं मारली. मी लिहून घेतली."

दोन दिवस शोधलं. त्या पाण्यात माणूस पंधरा मिनिटं टिकतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी शोधलं. दुसऱ्या संध्याकाळी कप्तानानं टोपी काढली. धाकटी रडली नाही. आईला काय तोंड दाखवू, एवढंच ती म्हणत होती, आणि ते कुणाला उद्देशून म्हणते आहे हे कळत नव्हतं.

मोहिमेचं पुढचं काम त्याच टापूत होतं, म्हणून जहाज तिथंच घुटमळत राहिलं. तिसऱ्या दिवशी दहा वाजता धाकटी आडोशात जाऊन बसली. कुणी अडवलं नाही. वारा पडला होता. ओल्या दोरखंडांचा वास येत होता. कठड्याच्या बाजूनं आवाज आला.

"मासे, सात, खाली चाललेले, दोन मीटर."

आवाज ताईचाच होता. धाकटीचा हात आपोआप चालला. "...लिहिलं."

"उजेड, निळा, कमी होतोय."

"लिहिलं."

दुसऱ्या दिवशी उजेड नव्हता. त्याच्या दुसऱ्या दिवशी नुसते ठिपके, चमकणारे, मोजता न येणारे. धाकटीला विचारायचं होतं, ताई, दुखतंय का गं? मोजणीच्या तासाला विचारता येत नव्हतं, आणि तास संपला की आवाज नसायचा. आवाज यायला लागल्याच्या चौथ्या दिवशी नोंद आली:

"कोळंबी, एक, आंधळी, पाय केसांसारखे लांब. माझ्या हातावर बसली आहे." आणि मग, थोड्या वेळानं, "ऊब शोधत आली असेल... ऊब नाही."

ताईनं दहा वर्षांत एकदाही नोंदीत स्वतःला आणलं नव्हतं. धाकटी वही घेऊन उठली ती थेट मोहिमेच्या प्रमुखांकडे, मोठ्या सरांकडे गेली. सरांनी वाचलं. पोरीचं डोकं ठिकाणावर नाही असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण कोळंबीच्या ओळीवर त्यांचं बोट अडकलं. दुसऱ्या दिवशी तीन हजार मीटरवर जाळं सोडायचं ठरलेलंच होतं. "वही घेऊन बस," ते म्हणाले. "दोर सोडताना मी तुझ्या शेजारी आहे."

जाळं खाली जायला दीड तास लागला. सगळे आपापली कामं टाकून मागच्या डेकवर जमले होते. आवाज धाकटीलाच ऐकू येत होता. बाकीचे तिच्या पेन्सिलीकडे बघत होते.

"जाळं, एक, वरून येतंय, शंभर मीटर."

"लिहिलं."

"जाळं, एक, चाळीस मीटर."

"लिहिलं."

"जाळं, एक. हातात."

"ओढा!" धाकटी किंचाळली. "तिच्या हातात आलंय, ओढा!"

सरांनी हात वर केला. यंत्र धडधडायला लागलं. वर यायला आणखी दोन तास. कुणी जेवायला गेलं नाही. आचारीमामांनी कुणी न सांगता घोंगड्या आणल्या, पाणी तापत ठेवलं. मेलेल्या माणसासाठी कुणी पाणी तापवतं का हो? पण त्या दिवशी त्या डेकवर ते कुणाला वेडेपणाचं वाटलं नाही. धाकटी लिहीत होती.

"उजेड, निळा, वाढतोय."

"लिहिलं, ताई."

"जहाजाचा तळ, एक, साठ मीटर."

"लिहिलं. ये गं. ये लवकर." तिनं नियम मोडला होता, आणि ताई रागावली नाही.

जाळं पाण्याबाहेर आलं. चिखल गळत होता, कुजकट गार वास सुटला होता. डेकवर रिकामं केलं. गाळ. दगड. आणखी गाळ. सरांनी दोन्ही हातांनी उपसला. सगळ्यांत तळाशी एक कोळंबी होती, आंधळी, केसांसारख्या लांब पायांची. असा प्राणी तोवर कुणी पाहिला नव्हता. सरांनी ती तळहातावर घेतली आणि ते मटकन खाली बसले. आचारीमामांनी घोंगडीत तोंड खुपसलं.

धाकटी गाळाकडे बघत उभी राहिली. तिच्या आत जे काही आठ दिवस तग धरून होतं, ते तिथं संपलं.

आणि आवाज आला. या वेळी खालून नाही, कठड्याकडूनही नाही. तिच्या पाठीमागून, अगदी जवळून.

"माणसं, अकरा. सगळी जाळ्याकडे बघतायत."

अंतर सांगितलं नाही. तिच्या मागे लाकडावर पाणी ठिबकत होतं, थेंब थेंब.

वळायचं होतं. एवढंच तर करायचं होतं. त्या सकाळी वळली असती तर, म्हणून ती आठ दिवस स्वतःला खात होती. आता मान वळवायचा अवकाश होता. पण तीन हजार मीटर खालून आलेलं ते जे मागे उभं होतं, त्याचा श्वास नसलेला गारवा तिच्या मानेला लागत होता, आणि तिची मान वळेना.

"माणसं, अकरा. सगळी जाळ्याकडे बघतायत." जोरात.

कुणीच मान उचलली नाही. कुणाला ऐकूच आलं नव्हतं.

"माणसं, अकरा! सगळी..." हे जवळजवळ रडणं होतं.

धाकटीनं हातातल्या वहीत ते शब्द कसेबसे खरडले आणि डोळे गच्च मिटले. मग ती म्हणाली, "लिहिलं."

ठिबकणं थांबलं. बऱ्याच वेळानं ती वळली, तेव्हा मागे ओलं लाकूड होतं, बाकी काही नाही. त्यानंतर तिला आवाज कधीच आला नाही, त्या जहाजावर नाही आणि घरी परतल्यावर आईसमोर बसली तेव्हाही नाही.

त्या रात्री सरांनी वही मागून घेतली. शेवटची नोंद तिनं लिहिली होती तशीच होती, डगमगत्या अक्षरात, तीन रकाने भरलेली. चौथा रकाना तिनं रिकामा सोडला होता, असं ती शपथेवर सांगते. आता तिथं ताईच्या ठसठशीत अक्षरात अंतर भरलेलं होतं: एक हात.