जिथे सगळे उतरतात

शकरमोच्या थोरल्या भावाला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. त्याच हिवाळ्यात बर्फाच्या भाराने त्यांच्या घराच्या छतातला झरोका फुटला होता. आमच्याकडे घरात उजेड येतो तो वरून, झरोक्यातूनच. त्यांनी भोकावर प्लास्टिक ताणलं आणि वसंत कसाबसा काढला. भर दुपारीही घरात गढूळ पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटे. शेवटी आईने खोरोगला शकरमोला निरोप धाडला, की बाळं उजेडात वाढू देत, येताना काच आण.

शकरमो खोरोगला, खाली शहरात, शिवणकाम करायची. तिने काच घेतली, गोधडीत गुंडाळली आणि रुशानच्या बाजारापर्यंत मांडीवर धरून आणली. तिथून वर बार्तांगच्या खोऱ्यात शिरायला त्या दिवशी एकच गाडी होती. जुनी रशियन जीप, चारही चाकांनी ओढणारी, रंग कधीकाळी हिरवा असावा. जीपखालून दोन पाय बाहेर आले होते. पायांत लाल-काळ्या नक्षीचे लोकरी मोजे.

"वर जाणार?" शकरमोने पायांना विचारलं.

"जाणार," पाय म्हणाले.

"जागा हवीय. मला आणि काचेला."

पाय थांबले. मग हळूहळू उरलेला माणूस बाहेर आला. गालावर ग्रीस, भुवयांवर धूळ. त्याने गोधडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे... आणि मग जरा जास्तच वेळ तिच्याकडे.

"कसली काच?"

"झरोक्याची."

"मग इथेच दगडावर आपटा. घरी पोहोचेपर्यंत तेच व्हायचंय, उगाच ओझं कशाला?"

"तुम्ही गाडी चालवता की दळण दळता?"

"रस्ता बघा, मग बोला."

"याच रस्त्यावर लहानाची मोठी झालेय मी. गाडी तेवढी पहिल्यांदा बघतेय."

तो हसला, पण नुसत्या डोळ्यांनी. त्याचं नाव सफरमामद. खोऱ्यात सगळे त्याला सफर म्हणायचे. तो तिच्याच गावाच्या वरच्या वस्तीतला; पण तो पलटणीत होता तेव्हा ती शाळेत होती, आणि तो परतला तेव्हा ती खोरोगला गेलेली. म्हणून ओळख नव्हती.

मागे बीबी लाजवर आधीच बसली होती, पिठाच्या पोत्यांवर, राणीसारखी. बीबी म्हणजे अख्ख्या खोऱ्याची आजी. तिच्या शेजारी पीठ घेऊन निघालेले दोघे भाऊ. शकरमोला पुढची जागा मिळाली, सफरच्या शेजारची. गुडघ्यांमध्ये काच उभी धरून ती बसली.

रस्ता म्हणायचा तो सवयीने. एका बाजूला उघडा, तापलेला, तांबूस डोंगर, गवताची काडी नाही. दुसऱ्या बाजूला राखाडी नदी. उन्हाळ्यात वरचं बर्फ वितळतं, नदी फुगते आणि खालून रस्ता कुरतडते. दरवर्षी थोडा थोडा. सरकारी माणसं पूर्वी यायची, आता येत नव्हती. जिथे दरड आली होती तिथे सफर थांबायचा, दांडा ओढून चारही चाकं जुंपायचा आणि गाडीला हळू आवाजात काहीतरी सांगायचा. गाडी दगडांवरून चढायची, म्हाताऱ्या उंटिणीसारखी, एकेक पाय चाचपून.

प्रत्येक खड्ड्याआधी तो नुसतं म्हणायचा, "काच..." आणि शकरमो काच तळापासून बोटभर वर उचलून धरायची. धक्का बसायचा, निघून जायचा. असं बराच वेळ चाललं. मग एका सपाट जागी तो म्हणाला, "काच..."

तिने उचलली. काहीच झालं नाही.

"इथे तर खड्डा नाही."

"नाही."

"मग?"

"लक्ष आहे का बघत होतो."

"माझं लक्ष काचेकडे आहे."

"मीही काचेबद्दलच बोलतोय."

मागून बीबी लाजवर म्हणाली, "समोर बघ रे सफर. मला अजून या वर्षीचे जर्दाळू खायचेत."

दुपार कलायच्या आत ते उंटाच्या मानेशी आले.

उंटाची मान म्हणजे कड्यात कोरलेला रस्ता. वर खडक झुकलेला, खाली सरळ नदी. गाडीच्या चाकांना पुरेल एवढीच रुंदी, आणि तीही कमी होत चाललेली. तिथला नियम सगळ्या खोऱ्याला ठाऊक होता. मानेआधी सगळे उतरतात. कड्याला धरून चालत पलीकडे जातात. ड्रायव्हर गाडी एकटा नेतो. पलीकडे पोहोचला की सगळे पुन्हा त्याला भेटतात, आम्ही भेटतो तसंच, एकमेकांचे हात ओठांना लावून. जसा काही तो लांबच्या प्रवासाहून आलाय. गाडीत बसून राहायचा हक्क एकटीचा, ड्रायव्हरच्या बायकोचा. तिने बसायचं ठरवलं तर तिला कुणी उतर म्हणत नाही.

सफरचे वडीलही ड्रायव्हर होते. ते इथूनच गाडीसकट नदीत गेले. त्या दिवशी आई घरीच होती; मानेवर त्यांनी तिला कधी गाडीत बसू दिलंच नव्हतं.

बीबी उतरली, भाऊ उतरले. शकरमो हलली नाही.

"उतरा," सफर म्हणाला.

"वारा बघा." दुपारचा वारा खोऱ्यात सुटला होता, वाळू उडवत. "ही एवढी काच हातात घेऊन कड्याने चालले तर शिडासारखी उडेन मी."

"काच राहू द्या. तुम्ही उतरा."

"एकटी काच फुटेल. कुणीतरी धरायला हवी."

"इथे माझ्या गाडीत कुणी बसत नाही."

"मला ठाऊक आहे कोण बसतं ते," शकरमो म्हणाली, आणि तिचे कान तापले. "मी काच धरून बसलेय. लोकांना काय वाटायचं ते वाटो. तुम्ही चला."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने दांडा ओढला. मानेवर तो एक शब्द बोलला नाही. फक्त मधे एका जागी, जिथे बाहेरच्या चाकाखालून खडी सुटून खाली गेली आणि तिचा आवाज आलाच नाही, तिथे अगदी हलकेच, "काच...". तिने उचलली. पलीकडे पोहोचेपर्यंत तिने ती खाली टेकवली नाही.

पलीकडे भाऊ आले, त्यांनी सफरचे हात ओठांना लावले. बीबी लाजवर मागून आली. ती आधी गाडीच्या मागे गेली, पोत्याचं तोंड सोडलं, चिमूटभर पीठ घेतलं आणि सफरच्या उजव्या खांद्यावर टाकलं. मग शकरमोच्या. असं पीठ आमच्याकडे लग्नात टाकतात.

"बीबी, काच होती म्हणून बसले मी."

"हो तर. काच होतीच की."

"खरंच सांगते."

"मी कुठे खोटं म्हणतेय? कधी ठरलं ते तरी सांगायचं होतंस. माझे चांगले मोजे घालून आले असते."

सफर बॉनेट उघडून आत डोकं घालून उभा राहिला. इंजिनात काही बिघडलेलं नव्हतं.

काच अख्खी पोहोचली. बातमी मात्र तिच्याआधी पोहोचली. दुसऱ्या दिवशी शेजारणी दूध-मिठाचा चहा प्यायला आल्या, आणि एकीनेही बाळांकडे पाहिलं नाही.

"त्याने तुला विचारलं?" आईने विचारलं.

"नाही."

"मग तू विचारलंस?"

"आई... मी काच धरून बसले होते."

"मला म्हातारी समजतेस. बाजारात दोरी मिळत नव्हती का, काच बांधायला?"

दोरीचं शकरमोच्या खरंच डोक्यात आलं नव्हतं. आणि का आलं नव्हतं, हे त्या दिवशी तिने स्वतःलाही विचारलं नाही.

झरोका बसवायला सफरच आला. छतावर चढला, प्लास्टिक काढलं, लाकूड तासलं. शकरमो खाली उभी राहून खिळे वर देत होती. चौकोनी आभाळात त्याचा चेहरा.

"गावात काय बोलतायत ते ऐकलंत?" त्याने विचारलं.

"ऐकलं."

"मी सगळ्यांना सांगतोय, की तसं काही नाही."

"मीही तेच सांगतेय."

"चांगलं."

"चांगलंच."

खिळा ठोकण्याचा आवाज. मग तो म्हणाला, "मी गाडी विकतोय. खाली एकाला दाखवायचीय. चुलतभाऊ रशियात इमारतींवर काम करतो, त्याने बोलावलंय. मान अजून एखादा उन्हाळा टिकेल. मग इथे ड्रायव्हर काय करणार... खेचरं हाकणार?"

शकरमोच्या हातात पुढचा खिळा होता. तो तिने लगेच दिला नाही.

"कधी जाणार?"

"तुम्ही खोरोगला परत निघाल तेव्हा. तुम्हाला खाली सोडतो, गाडी दाखवतो, आणि तसाच पुढे."

"बरं," ती म्हणाली आणि खिळा दिला.

त्याने काच बसवली, बाहीने पुसली. घरभर ऊन पडलं. बाळं डोळे मिचकावत राहिली. वर तो अजून पुसतच होता, पुसून झालेली काच.

निघायचा दिवस आला. सफरने पहाटेच गाडी काढली, नदी चढायच्या आत मान ओलांडायला हवी म्हणून. सोबत बीबी लाजवर होती, तिला खाली भाचीकडे राहून डॉक्टरला डोळे दाखवायचे होते.

मानेशी सफर थांबला आणि चालत बघून आला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"बाहेरची कड गेलीय. हातभर. गाडी जाईल... पण खडकाला घासत."

बीबी उतरली, गुडघे धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मी म्हातारी उतरले. ज्याला उतरायचंय त्याने उतरावं." आणि ती एका दगडावर पाठ करून बसली.

शकरमो जागची हलली नाही. आज गुडघ्यांमध्ये काच नव्हती. हात नुसते मांडीवर होते, आणि त्यांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं.

"उतरा," सफर म्हणाला.

"मी उतरले तर बीबीची चूक झाली, एवढंच ठरेल. पलीकडे मी तुम्हाला ड्रायव्हर म्हणून भेटेन. मग तुम्ही रशियाला, मी खोरोगला."

"आणि बसलात तर?"

"बसले तर... तुम्हाला जाता यायचं नाही."

तो गाडीच्या दाराला टेकला. खाली नदी वाजत होती.

"काल विचारलं असतं तुम्ही," तो हळूच म्हणाला, "तर मी नाहीच म्हटलं असतं. माझे वडील इथे गेले. मी ठरवलं होतं, कुणाला या जागेची वाट बघत बसवायचं नाही."

"मी घरी बसून वाट बघणार नाही. म्हणून तर इथे बसलेय."

"तू हट्टी आहेस."

"झाली ना सवय? 'तू' म्हणालात."

त्याच्या लक्षात आलं. तो वळला, गाडीच्या मागे गेला आणि पहार घेऊन आला. शकरमोला वाटलं, आता हा रागावलाय. पण तो मानेवर गेला, गुडघ्यांवर बसला आणि कडेचा सुटा मुरूम उकरायला लागला. खालचा पक्का खडक लागेपर्यंत उकरत राहिला. मग मागे न बघता म्हणाला, "मोठे दगड आण. चपटे."

"गाडी जाईल म्हणालात ना?"

"एकट्याला जाईल. दोघांना एवढा रस्ता पुरत नाही."

शकरमो उतरली. यासाठी उतरायला तिची काहीच हरकत नव्हती. तिने दगड वाहिले, त्याने रचले. चपटा खाली, आडवा वर, फटीत खडी. पहारेने ठोकून बसवायचा, पाय देऊन बघायचा, हललं की काढून पुन्हा. ऊन वर आलं. दोघांच्या चेहऱ्यांवर तांबडी धूळ चढली. बीबीही ओढणीत खडी घेऊन येत होती, आणि येताना जाताना सांगत होती, की तिच्या वेळी लग्न ठरवायला एवढे दगड लागत नसत.

"इतकी वर्षं तुम्ही इथून जाता," शकरमोने विचारलं, "एकदाही ही कड बांधली नाहीत?"

त्याने हातातला दगड फिरवून पाहिला. "एकटा होतो. घाई असायची."

वारा सुटायच्या सुमाराला कड भरून निघाली. सफर तिच्यावर दोनदा उड्या मारून आला. मग दोघं गाडीत बसली. त्याने चाकं जुंपली. बाहेरचं चाक नव्या दगडांवर आलं, दगड किंचित दबले, कुरकुरले आणि राहिले. या वेळी त्याने तिला काहीच सांगितलं नाही. तीच म्हणाली, "सावकाश." आणि तो सावकाश गेला.

पलीकडे त्याने इंजिन बंद केलं. सोललेली, रक्ताळलेली बोटं. त्याने तिचा हात घेतला आणि ओठांना लावला. तिने त्याचा. मग हात सोडायचा असतो. त्यांनी सोडला नाही. बीबी लाजवर चालत येईपर्यंत ते तसेच बसून होते, आणि बीबीने त्या दिवशी चालायला बराच वेळ घेतला.

गाडी विकली नाही. जर्दाळू वाळवून झाल्यावर लग्न झालं. त्यानंतर मान ओलांडताना शकरमो कायम गाडीत बसून राहिली, आणि मानेआधी दोघं कायम उतरून कड तपासू लागली. त्यांचं बघून बाकीचे ड्रायव्हरही गाडीत पहार ठेवू लागले. एका उन्हाळ्याची म्हणत होते ती मान पुढे कितीतरी उन्हाळे टिकली.

बीबी लाजवर लग्नानंतरच्या हिवाळ्यात वारली, वसंतातल्या नवरोजच्या सणाच्या थोडी आधी, झोपेत. सफरमामद गेल्या वसंतात वारला, जर्दाळू फुलले होते तेव्हा, सकाळी, आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर. शकरमो त्याच्याजवळ बसली होती.